सामाईक माजघर आणि पाच डब्यांचं गाणं

आमच्या गुरुदासभावजींनी एकच गाणं आयुष्यात पाच वेळा विकत घेतलं. माणूस एकदा जमीन घेतो, एकदा लग्न करतो, फार तर रेडिओ दुसऱ्यांदा घेतो. भावजींनी लग्न केलं नाही, जमीन वडिलांनी ठेवली तेवढीच राहिली, आणि गाणं मात्र ते घेतच राहिले.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. जन्म बोटीवर गेला, तोही वरच्या मोकळ्या हवेत नाही, खाली इंजिनखोलीत. तरुणपणी कुठल्याशा थंड देशात त्यांची बोट दुरुस्तीला अडकून पडली होती. करायला काही नाही म्हणून बंदरावरच्या एका दुकानात उबेला उभे राहिले, आणि तिथे हे गाणं लागलेलं होतं. घरी आले ते तबकडी घेऊनच. वेष्टनावर चार दाढीवाले, केस खांद्याखाली, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, नाथपंथी असावेत. बरेच दिवस मी त्या तबकडीला पाय लागू दिला नाही. पुढे कळलं की ते विलायती बँडवाले आहेत, पण तोवर सवय लागली होती.

गाणं म्हणजे तरी केवढं! तबकडीची एक बाजू संपेपर्यंत एकच. शब्द अगदी थोडे. आधी बासरी, मग पेटीसारखं काहीतरी, मग ढोल, मग घंटा, मग सगळं एकदम गप्प. संपलं म्हणून मी चुलीकडे जायला उठावं, तर पुन्हा बासरी.

"भावजी, ह्या संपता तरी कधी?"

"संपना नाय, वैनी, म्हणान तर चांगला."

तबकडीनंतर त्याच गाण्याची कॅसेट आली. कॅसेटनंतर सीडी. सीडीनंतर 'सुधारलेली' सीडी. मी दोन्ही सीड्या हातात धरून बघितल्या. तेच दाढीवाले, तेवढेच केस.

"हेच्यात सुधारला काय?"

"कंपनीन मूळ टेप कपाटातसून भायर काढल्यान आणि साफ केल्यान."

"म्हणजे आधी साफ न करताच विकल्यान?"

भावजी गप्प बसले. असले प्रश्न श्रद्धेच्या माणसाला विचारू नयेत हे मला कळायला हवं होतं. संकष्टीला चंद्र ढगात असला तर तुझा देव उपाशी ठेवतो का गो, असं मलाही लोक विचारतात, आणि मीही गप्पच बसते.

भावजी बोट सोडून घरी आले ते दोन हजार सहा साली. येताना डाव्या कानात इंजिन घेऊन आले. बाकी सगळं बंदरात राहिलं, ते इंजिन तेवढं सुटेना. कणकवलीला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नळी घालून बघितलं, यंत्र लावून बघितलं आणि सांगितलं, "डावा कान आता फार दिवसांचा नाही. उजवा टिकेल, पण डाव्याची आशा धरू नका."

नेमकं त्याच सुमाराला कंपनीने तेच गाणं पाचव्यांदा काढलं. या खेपेला म्हणे प्रत्येक वाद्य वेगळं काढलेलं. आमच्याकडे आंबोळ्यांसाठी तांदूळ, उडीद आणि मेथी एकत्र दळून आणतात. त्या पिठातून कोणी पुन्हा तांदूळ तांदळाच्या जागी, उडीद उडदाच्या जागी आणि मेथी मेथीच्या जागी मांडून दाखवली, तर आपण त्याला हात जोडू. तसंच काहीतरी त्या लोकांनी केलं होतं. पाच छोटे स्पीकर, एक मोठा. ऐकणाऱ्याने मधोमध बसायचं, आणि गाणं त्याच्या चारी बाजूंनी.

"ढोल फुडसून येतलो, बासरी मागसून," भावजी हातवारे करून सांगत होते. "घंटा ह्या डाव्या अंगाक, लांब देवळात वाजल्यासारखी. तीस वर्सां मी ह्या गाणा दाराबाहेर उभो रवान आयकलंय, वैनी. आता आत बोलावणा इला."

"डाव्या अंगाक?" मी एवढंच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणान तर घाई आसा," म्हणाले.

बोटीवरच्या एका गोव्याच्या दोस्ताने ते खोके रेल्वेने कणकवलीपर्यंत आणून दिले आणि तिथून ते टेम्पोने कट्टा गावावरून आमच्या दारात आले. आमच्या वाट्याला घरातल्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत मांडून बघितलं. एक डबा तांदळाच्या पिंपावर, एक लोणच्याच्या बरणीवर, एक शिवणयंत्रावर. मोठा डबा ठेवायला जागा नव्हती म्हणून तो पलंगाखाली गेला. मधोमध बसायचं तर मधोमध पलंगाचा खांब. भावजींनी खांबाला मिठी मारून ऐकून बघितलं. ढोल सुरू झाला तेव्हा बरणीचं झाकण डब्यासकट उडालं आणि पलंगावर झोपलेले आमचे हे ताडकन उठून बसले.

"घर पडता काय रे?" यांनी विचारलं.

तेव्हा ठरलं की माजघराशिवाय गत्यंतर नाही.

आता आमच्या माजघराविषयी सांगायला हवं. घर चार भावांच्या वंशाचं. वाटण्या झाल्या तेव्हा खोल्या वाटल्या, परसातले माड वाटले, विहिरीवरच्या रहाटाचे दिवस वाटले. माजघरावर मात्र एकमत होईना, कारण चतुर्थीचा गणपती तिथे बसतो आणि गणपती कोणाला वाटून देता येत नाही. शेवटी पंचांनी तोड काढली. माजघर सामाईक, पण त्याचे चार कोपरे चार हिश्शांना. त्या कोपऱ्यात ज्याने त्याने आपली वस्तू ठेवावी. मधली जागा देवाची, म्हणजे कोणाचीच नाही. ही वाटणी होऊन माझ्या सासऱ्यांचा जमाना गेला, पण अजून कोणाची केरसुणीसुद्धा दुसऱ्याच्या कोपऱ्यात टेकत नाही.

आणि डब्यांबरोबर आलेल्या कागदावर छापलेलं चित्र असं: चार कोपऱ्यांत चार डबे, समोर देवघराच्या भिंतीला पाचवा, त्याच्याखाली मोठा, मधोमध खुर्ची. घर बांधणाऱ्याने ते चित्र बघूनच माजघर बांधलं असावं. फक्त चित्रात भाऊबंद दाखवलेले नव्हते.

थोरल्या हिश्शाच्या सत्यवतीकाकी. वय झालेलं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्यांचा कोपरा मागचा डावा. त्यांनी एकच विचारलं, "मांस-मच्छी खाणाऱ्यांचा गाणा आसा?"

"काकी, तू पण खातस," भावजी म्हणाले.

"मी एकादशीक खाणय नाय. ते खातत काय ता विचार."

विचारणार कोणाला? मीच मध्ये पडले. म्हटलं, काकी, गाण्यात घंटा आहे. घंटा म्हटल्यावर काकी विरघळल्या.

तिसऱ्या हिश्शाचा गुणाजी मुंबईला असतो. त्याचा कोपरा मागचा उजवा. तिथे त्याची एक ट्रंक आहे, तिला कुलूप आहे, आणि तिच्यात काय आहे हे बहुधा त्यालाही आठवत नाही. फोनवर म्हणाला, "ठेवा ठेवा. पण कोपरो आमचो, ह्या ध्यानात ठेवा."

राहिले दुसऱ्या हिश्शाचे भिकाजी. नात्याने माझे मोठे चुलत दीर. कोपरा पुढचा डावा. भिकाजीभावजींचं आयुष्य तीन गोष्टींत गेलं: काजूची बाग, तालुक्याच्या कोर्टाच्या तारखा, आणि आपल्या हद्दीकडे बघत बसणं. त्यांनी डबा उचलून बघितला, खालून बघितला, मागून बघितला.

"आज डबो ठेवतलस. उद्या सांगशीत, बारा वर्सां माझो डबो हंयसर आसा, कोपरो माझो."

"भिकादादा, डबो तुझ्या नावार करतंय."

"डबो माका काय करूचो? कोपरो माझो तो माझो."

यावर तोड एकच होती. देवाला विचारायचं.

सोमवारी सगळे ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. लग्नाला, विहिरीला, कोर्टाच्या तडजोडीला कौल लावलेला मी बघितला होता. डब्यांसाठी पहिल्यांदाच. गुरवाने सगळं समजून घेतलं, कपाळाला हात लावला आणि गाऱ्हाणं घालायला उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांनी साद दिली.

"ह्या तुझा लेकरू जन्मभर दर्यार, इंजनाच्या पोटात रवला..."

"होय म्हाराजा!"

"तेना विलायतेतसून एक गाणा हाडल्यान हा, ता पाच तोंडांनी बोलता..."

"होय म्हाराजा!"

"त्या पाचय तोंडांक तुझ्या लेकरांच्या घरात जागा गावांदे. कोणाचो हक्क बुडाक नको, कोणाक बाधा होवक नको. कोणी आडो घालीत तर तेचो तू बघून घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" भिकाजीभावजीही ओरडले. सवयीने ओरडले आणि मग चपापले.

त्या दिवशी मी गर्दीच्या मध्ये उभी होते. समोरून गाऱ्हाणं, मागून पुरुषांची साद, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला नगारा. जन्मभर ऐकत आले, पण त्या क्षणी वाटलं, भावजींना पाहिजे ते हेच. बाहेर उभं राहून ऐकणं वेगळं, आणि आवाजाच्या पोटात उभं राहणं वेगळं.

उजवी पाकळी पडली. देवाला गाण्याची काही हरकत नव्हती.

शिमग्याच्या आधीच्या एका दुपारी माजघरात सगळं मांडून झालं. तारा कोणाच्या दारावरून न्यायच्या यावर थोडं झालंच, पण ते सोडून देते. काकी आपल्या कोपऱ्यात डब्याखाली खांबाला टेकून बसल्या. भिकाजीभावजी आपल्या डब्याखाली पाटावर, राखणीला बसल्यासारखे. आमचे हे आमच्या कोपऱ्यात, पुढच्या उजव्या. गुणाजीच्या कोपऱ्यात त्याची ट्रंक. मी देवघराच्या उंबऱ्यावर. भावजी मधल्या खुर्चीत बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले, जावळ काढायला बसवलेल्या मुलासारखे. आणि गाणं लागलं.

पहिल्यांदा बासरी. गुणाजीच्या कोपऱ्यातून. मग आमच्या कोपऱ्यात पेटी. काकींच्या डोक्यावर लांबून एक घंटा वाजली आणि काकींनी हात जोडले. भावजींनी डोळे मिटले.

"थांबव!" भिकाजीभावजी.

भावजींनी डोळे उघडले. आमच्या यांनी बटण दाबलं.

"माझ्यात काय नाय," भिकाजीभावजी म्हणाले. "सगळ्यांचे डबे बोलतत, माझो मुको."

"दादा, तुझ्यात ढोल आसा. तो मागाहून येतलो."

"मागाहून कित्याक? हिस्सो सारखो, मगे सुरुवात सारखी नको?"

पुन्हा लावलं. ढोल आला. भिकाजीभावजींच्या चेहऱ्यावर समाधान आलं. तेवढ्यात बासरी फिरायला लागली. म्हणजे खरंच फिरायला लागली. गुणाजीच्या कोपऱ्यातून निघाली, काकींच्या डोक्यावरून भिकाजीभावजींच्या कोपऱ्यात आली आणि तिथून सरळ आमच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"थांबव!"

"आता काय झाला, दादा?"

"बासरी माझ्या हद्दीतसून गेली. थांबाक नाय. सरळ तुमच्याकडे गेली. ही काय पायवाट आसा?"

"ती तशीच आसा. ती फिरता."

"आणि गुणाजीक बासरी? चतुर्थीक चार दिस येता तेका बासरी, आणि वर्सभर घर राखतंय तेका ढोल?"

काकी मागून म्हणाल्या, "भिक्या, तुझ्या नशिबात ढोलच आसा. लग्नातय तुझ्या वाजंत्री येवक नाय."

"काकी, तू गप. तुका घंटा गावली म्हणान बोलतस."

भावजी बिचारे काकुळतीला आले. खुर्चीत बसूनच समजावू लागले. "दादा, आयक. कोपऱ्यात बसान एक एक आयकाक येता. तसा आयकूचाच नाय. मधे बसला की सगळा येता. बासरी, ढोल, घंटा, पेटी, सगळा मधे येवन मिळता."

असं बोलायला नको होतं. भिकाजीभावजी पाटावरून उठले.

"म्हणजे आमका एक एक, आणि मधे बसणाऱ्याक चारय हिस्से?"

ते खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"आणि मधली जागा कोणाची?" भिकाजीभावजींनी विचारलं.

"देवाची," काकी म्हणाल्या.

"सामाईक," भिकाजीभावजी म्हणाले. "मगे थंय बसाक पाळी होयी."

आमचं सगळं घर पाळीवर चालतं. गणपतीच्या खर्चाची पाळी, विहिरीची पाळी, देवळातल्या समईच्या तेलाची पाळी. पाळी म्हटल्यावर कोणाला विरोध करता येत नाही. पाळी नाकारणारा तो लबाड. वंशाच्या क्रमाने पाळी लागली. आधी काकी, मग भिकाजीभावजी, मग गुणाजी, मग आम्ही. आमचा हिस्सा सगळ्यांत धाकट्या भावाचा. ज्याने गाणं आणलं, ज्याचा कान चालला होता, तो शेवटी.

"चालात," भावजी म्हणाले. त्यांनी कौल लावला होता. 'होय म्हाराजा' तेही म्हणाले होते.

काकींचा नंबर दुसऱ्याच दिवशी झाला. त्या खुर्चीत बसल्या, गाणं सुरू झालं, आणि पहिली घंटा होताच त्यांना झोप लागली. शेवटपर्यंत झोपल्या. उठून म्हणाल्या, "लय बरा वाटला." त्यांची तक्रार काही नव्हती.

भिकाजीभावजींचं तसं नव्हतं. त्यांनी आधी पंचांग बघितलं. मग आंबे उतरायचे होते. मग कोर्टाची तारीख. शेवटी एकदा बसले, तर गाणं अर्ध्यावर असताना वीज गेली. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन असायचं. वीज यायची ती देवासारखी, तिच्या मर्जीने.

"पाळी भरूक नाय," भिकाजीभावजींनी जाहीर केलं. "परत पहिल्यापासून."

पुन्हा बसले, पुन्हा वीज गेली. असं किती वेळा झालं ते मी सांगत नाही. त्यांचा दोष नव्हता, विजेचा होता. पण एक गोष्ट मी बघत होते. खुर्चीत बसूनही त्यांचं तोंड आपल्या कोपऱ्याकडेच असायचं. बासरी मागून जात असली तरी ते ढोलावर नजर ठेवून. कोणी त्यातला एखादा ठोका चोरून नेईल असं वाटत असावं. पुढे पुढे तर ढोल यायच्या आधीच त्यांची मान हलायची.

या सगळ्या दिवसांत भावजी यंत्रापाशी, आमच्या कोपऱ्यात उभे असत. बटण दाबायचं काम त्यांचं.

"भावजी, कोपऱ्यातसून का असेना, तुमकाय आयकाक येता मरे?" मी एकदा म्हटलं.

"कोपऱ्यातसून आयकला ता आयकल्यात जमा नाय, वैनी. ता मधेच बसान आयकूचा."

मी तीर्थाचा एक थेंब जिभेवर आला तरी पावले म्हणणारी बाई. भावजींचा धर्म माझ्यापेक्षा कडक.

एका दुपारी भिकाजीभावजी कट्ट्याला बाजारात गेले होते, काकी झोपल्या होत्या, वीज होती. मी म्हटलं, "बसा आता गुपचूप. कोणाक कळतला?"

भावजींनी खुर्चीकडे बघितलं. खुर्चीची पाठ हाताने पुसली. "देवासमोर ठरला ता ठरला," म्हणाले. "चोरून बसलंय तर गाणा काय, नुसतो आवाज आयकाक येतलो." आणि बाहेर जाऊन आंब्याला पाणी घालत बसले. आंब्याला पाण्याची गरज नव्हती.

ज्येष्ठात भिकाजीभावजींची पाळी एकदाची भरली. आता गुणाजी. भावजींनी स्वतः मुंबईला फोन लावला. मी शेजारी होते.

"गुणाजी, तुझी ह्या खेपेची पाळी माका दे. माझो कान..."

"गुरुदासभाऊ, तुमका म्हणान सांगतंय, द्यायला काय हरकत नाय. पण आज दिली तर उद्या भिकादादा म्हणतलो, गुणाजीन हक्क सोडलो. चतुर्थीक येतंय मरे! आल्याबरोबर बसतंय."

तोही चुकीचं बोलत नव्हता. भिकाजीभावजी तसं म्हणालेच असते.

श्रावणात मी जेवण वाढताना डाव्या बाजूने विचारलं, "भावजी, भात वाढू?" ते आमटी ओरपत राहिले. पुन्हा विचारलं. मग उजव्या बाजूला येऊन विचारलं, तर म्हणाले, "वाढा की, विचारतात काय?" मी भात वाढला. त्या दिवसापासून मी उजव्या बाजूनेच वाढू लागले. देवापुढे बसले की मात्र माझं चित्त लागेना. जपात मध्येच हिशेब यायचा, चतुर्थी किती लांब आहे याचा. देवाला हे कळतच असणार. त्याने चतुर्थी काही अलीकडे आणली नाही.

चतुर्थी आली. डबे उतरवून माजघर गणपतीसाठी रिकामं केलं, वर फळापानांची माटवी सजली, भजनं झाली, गौरी आल्या आणि गेल्या, विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा चढले आणि गुणाजी हौसेने खुर्चीत बसला. मुंबईला असतो, स्वच्छ शर्ट, खिशात मोबाईल. बासरी सुरू झाली. त्याच्याच कोपऱ्यातली. तो मान डोलावतो न डोलावतो तोच मोबाईल वाजला. आमच्या घरात मोबाईलला रेंज येते ती खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, तुळशीपाशी. गुणाजी बोलत बोलत खळ्यात गेला तो गेलाच.

"बंद करू?" आमच्या यांनी विचारलं.

"पाळी सुरू आसा," भिकाजीभावजी म्हणाले. "मधे बंद केलास तर भरूची नाय, परत पहिल्यापासून लागतला."

म्हणून गाणं चालू राहिलं. बासरी, पेटी, ढोल, घंटा, सगळं चारी बाजूंनी येऊन त्या रिकाम्या खुर्चीत मिळत होतं. भावजी खुर्चीच्या शेजारी उभे होते. एक हात खुर्चीच्या पाठीवर. बसले नाहीत.

गाणं संपल्यावर गुणाजी आत आला. "वाजवलात मगे सगळा? झाली माझी पाळी!" आणि बॅग भरायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची पाळी. भावजी आंघोळ करून आले, धुतलेला सदरा घातला. खुर्चीत बसण्याआधी देवघराकडे बघून नमस्कार केला. त्यांनी देवाला केला की त्या दाढीवाल्यांना, मला माहीत नाही. काकी आपल्या कोपऱ्यात, भिकाजीभावजी आपल्या. हक्क सोडायचा नाही म्हणून येऊन बसले होते.

गाणं लागलं. मागून उजवीकडून बासरी आली आणि भावजी हसले. आमच्या कोपऱ्यातली पेटी आली. मग ते वाट बघू लागले. मान थोडी डावीकडे वळवली. मग आणखी वळवली.

"खुर्ची फिरवा, भावजी," मी उंबऱ्यावरून म्हटलं. "उजवो कान तिकडे करा."

"मगे हंयसरला जाता, वैनी." ते थोडं थांबले. "भिकादादा, तुझा सुरू झाला?"

"मगाशीच झाला. इतक्या मोठ्यान वाजता. तुका आयकाक येना?"

भावजींनी डाव्या कानाला बोट लावलं आणि हात हलवला. "लांबसून येता. पलीकडच्या वाडयेत भजन आसा तसा."

भिकाजीभावजी त्यांच्याकडे बघत राहिले. ढोल वाजत होता. मग भिकाजीभावजी उठले. आपला पाट उचलला. मला वाटलं, आता पाळीचं काहीतरी काढणार. त्यांनी पाट खुर्चीच्या उजव्या अंगाला आणून ठेवला, त्यावर बसले आणि भावजींच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"आता दोन मारता आणि थांबता," ते म्हणाले, आणि आपल्या मांडीवर दोन थापा मारल्या. "थांबलो. थांब... थांब... आता एक बारीक. आयकलंस? आता चढतलो. हळूहळू. हां. आता बघ, कसो येता तो..." आणि मांडीवर दोन्ही हातांनी ढोल वाजवू लागले. डब्यातला ढोल आणि मांडीवरचा ढोल, एक ठोका इकडचा तिकडे नाही.

"भिक्या," काकी मागून ओरडल्या, "माझी घंटा सांग तेका!"

"तुझी तू सांग!"

"माझे गुडघे हत काय? सांग, मेल्या!"

"काकीची घंटा," भिकाजीभावजी कानात म्हणाले. "टण्... लांब. आपल्या देवळातली नाय, मोठी. परत येतली. मी सांगतंय तेव्हा."

भावजी डोळे मिटून बसले होते. बासरी फिरू लागली तेव्हा भिकाजीभावजींनी बोट वर करून ती कुठून कुठे गेली ते हवेत काढून दाखवलं, पण भावजींचे डोळे मिटलेले, मग त्यांच्या हातावरच बोट फिरवलं. "हंयसून गेली ती. माझ्या हद्दीतसून."

शेवटचा ढोल आला. मग सगळं गप्प झालं आणि गाणं संपलं.

भावजींनी डोळे उघडले. "सुरुवातीक दोन नाय, दादा," ते म्हणाले. "तीन मारता, आणि मगे थांबता."

"दोन."

"तीस वर्सां आयकतंय. तीन."

"कोपरो माझो की तुझो?" भिकाजीभावजींचा आवाज चढला. "शिमग्यापासून थंय बसलंय मी. दोन! लाव परत, दाखवतंय."

आमच्या यांनी बटण दाबलं. पुन्हा लावलं की पाळी पुढच्याची होते, हे त्या वेळी कोणी काढलं नाही. मीही चहा ठेवायला आत गेले.